आधी भोक, मग आकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाताने घडवलेल्या, चाकोरीबाहेरच्या तंबाखू पाईपबद्दल लिहिले जाते तेव्हा सगळे कौतुक बाहेरच्या वळणांचे होते. धूर कुठून जातो, हे कोणी पाहत नाही. (तंबाखू घातकच, इथे बोलतो आहोत ते फक्त कारागिरीबद्दल.)

ड्रिल सरळच जाते. दांडा हंसाच्या मानेसारखा वळवला तरी आतले भोक वळत नाही. मग ते दोन्ही टोकांकडून पाडून मध्ये जुळवतात. तिथे कोन राहतो, सफाईची तार नेमकी तिथेच अडते, ओल साचते आणि ओढताना गुडगुड ऐकू येते. म्हणूनच कोपनहेगनमध्ये काम केलेले पाईप-कारागीर सिक्स्टन इवार्सन यांनी रूढ क्रम उलटा केला : लाकडाच्या ठोकळ्यात आधी भोके, नंतर त्यांच्याभोवती आकार. वेगळ्या घडणीला खरी मोकळीक मिळाली ती त्यामुळे.

वाटीचा (तंबाखू भरतात त्या भागाचा) आतला व्यास साधारण १९-२० मिमी आणि धुराचे भोक ४ मिमीच्या आसपास असते. हे भोक वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडायला हवे. दोन-तीन मिमी वर उघडले तर खालची तंबाखू जळतच नाही, तिचा ओला लगदा होतो. फार खाली गेले तर तळाला चर पडते आणि पातळ झालेले लाकूड जळू लागते. भिंत ६ मिमीपेक्षा कमी ठेवू नये. वाकड्यातिकड्या आकारात फसगत होते ती इथेच : खोलगट वळण दिलेल्या बाजूला कॅलिपर (जाडी मोजायचे साधन) लावला की जाड वाटणारी भिंत तीनच मिमी निघते.

आकार लाकडालाही विचारावा लागतो. हे लाकूड ब्रायरचे; ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कित्येक तास उकळून महिनोन्‌महिने वाळवतात. घाई केली तर तडे जातात, चवही कडवट लागते. फुगलेल्या माशासारख्या ‘ब्लोफिश’ आकारात दोन्ही फुगीर गालांवर लाकडाच्या पोताचे बारीक ठिपके आणि त्यांच्या कडेने सरळ रेषा दिसतात. ठोकळा थोडा जरी तिरका धरला तरी ठिपके एका गालावरून घसरतात. नंतर कितीही घासा, ते जागेवर येत नाहीत.

माउथपीसचे टोक दांड्याच्या खाचेत तळापर्यंत टेकले पाहिजे. मध्ये पोकळी राहिली की धूर तिथे थंड होऊन पाणी सुटते. आणि पाईप गरम असताना माउथपीस कधीही उपटू नये, दांडा चिरतो.

यापुढे अशा पाईपचे छायाचित्र छापाल तेव्हा शेजारी वाटीत वरून डोकावून घेतलेलेही एक छापावे, ही विनंती. तळाच्या मध्यावर भोक दिसले पाहिजे.

– पाईप घडवणारे काही कारागीर