डिफरन्शियल तापलं की लगेच १४० नंबर ओतू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम चालू झाला की रस्त्याकडंला जॅक लावून उभ्या असलेल्या उसाच्या गाड्या दिसायला लागतात. त्यातल्या काहींचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या आसातला चाकं फिरवणारा गियरचा डबा, तापलेलं असतं. हौसिंगला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाला, हात लावला, चटका बसला, की मालक तडक कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो आणि म्हणतो १४० नंबरचं गियर तेल द्या, जाड तेलानं गार राहील. अहो, चटका ६० अंशाच्या आसपासबी बसतो, लोड घेऊन घाट चढलेली गाडी तेवढी तापणारच. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडून गेला तर मात्र १०० च्या वर गेलंय समजा आणि गाडी बाजूला घ्या.

आणि जाड तेल ढवळायला क्राऊनला, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाला, जास्त ताकद लागते, त्याचीच उष्णता होते, म्हणजे कारण तसंच राहतं आणि तापणं वाढतं. कंपनीच्या पुस्तकात ८५डब्ल्यू-१४० (हाच १४० नंबर) लिहिलं असेल तर जरूर घाला, त्याहून पातळ ८०डब्ल्यू-९० लिहिलं असेल तर तेच.

आधी बघायचं नेमकं कुठं तापतंय. पिनियनच्या, म्हणजे क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गियरच्या, तोंडाशी जास्त असेल तर पिनियनची बेरिंग, त्यातून नुकतंच काम केलेलं असेल तर बेरिंग टाईट बसवल्याचा संशय पहिला. एकाच चाकाकडं तापत असेल तर ब्रेक चिकटतोय नाहीतर हबचं बेरिंग गेलंय, डिफरन्शियलचा त्यात काय दोष नाही! सगळीकडं सारखंच तापत असेल तर तेल बघा. गाडी सपाट जागेला उभी करून लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल पाहिजे, त्याच्यावर नको, जास्त झालं की फेस येतो आणि सील फोडून ब्रेकच्या लायनरवर जातं. ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधली हवा जायची वाट, तर कोण बघतच नाही, उसाच्या रानातल्या चिखलानं तो बुजला की आत प्रेशर धरतं, पिनियन सील गळायला लागतं, तेल कमी होतं, मग तापतं. पंचगंगेच्या पाण्यातनं गाडी काढली असेल तर अजून वेगळं, तापलेलं हौसिंग पटकन गार झालं की पाणी आत ओढून घेतं, मग तेल दुधाळ दिसतं, ते काढूनच टाकायला पाहिजे. एका बाजूला नवा टायर आणि दुसरीकडं झिजलेला, हेबी चालत नाही, सरळ रस्त्यालाबी आतले छोटे गियर सारखे फिरत राहतात.

नंबर बरोबर असला तरी जीएल, म्हणजे गियर तेल किती दाब सोसतं त्याचा वर्ग, बघायचं राहतं. हायपॉइड क्राऊन-पिनियनला जीएल-५ लागतं, दात एकमेकांवर घसरत फिरतात म्हणून. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं तर गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा खराब होऊ शकतात, तिथं बहुतेक जीएल-४ सांगितलेलं असतं. ट्रॅक्टरचं अजून निराळं, बऱ्याच ट्रॅक्टरात हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक) गियरच्याच तेलावर चालतात, तिथं जीएल-५ घालूच नका.

दुकानदारांना एक विनंती, सुटं तेल देताना निदान बिलावर ग्रेड आणि जीएल लिहून द्या. पिंपातलं तेल बघून कुठलं ते कुणालाच कळत नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर