वॉल्सॉलहून, एका गाण्यापायी

वॉल्सॉल,
इंग्लंड
रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "आवाज बसलाय तुझा, सर्दी झाली काय?" मी हो म्हणून मोकळा झालो. सर्दीबिर्दी काही नाही. शुक्रवारी कँटीनमध्ये घसा फाटेस्तोवर गाणं म्हटलं होतं. मी! शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवणारा.

आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर परवा निवृत्त झाले. केक कापून झाल्यावर कुणीतरी फोनवर स्लेड नावाच्या जुन्या बँडचं 'फार फार अवे' लावलं. म्हाताऱ्यानं खिशातला पाना काढून चहाच्या मगवर ठेका धरला, आणि ध्रुवपदाला अख्खं कँटीन उभं राहिलं. शब्द मलाही येत होते. पहिल्या वर्षी मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो, ते काका दर रविवारी खाली शर्टांना इस्त्री करताना हेच लावायचे. मी वर उशीखाली डोकं खुपसून पडायचो. तेव्हा नुसता त्रास वाटला होता, आणि इतक्या वर्षांनी बघतो तर सगळं पाठ!

स्लेड म्हणजे इथलीच पोरं. गाणारा नॉडी होल्डर वॉल्सॉलचा, वडील खिडक्यांच्या काचा पुसायचं काम करायचे. ड्रमर डॉन पॉवेल शेजारच्या बिल्स्टनचा. बाबा, तो आधी फौंड्रीत मेटलर्जिस्ट होता. म्हणजे तुमच्याच लाईनीतला! चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट, नॉडीच्या डोक्यावर आरसे लावलेली उंच टोपी, असलं त्यांचं ध्यान. गाण्यांची नावंही इथल्या बोलीत, कानाला येतील तशी लिहायचे. म्हणजे आपण रेकॉर्डवर 'काय करालाईस' छापल्यासारखं. मास्तर लोक वैतागायचे, आणि रेकॉर्डी धडाधड पहिल्या नंबरावर जायच्या.

'फार फार अवे' १९७४ चं, इंग्लंडात दुसऱ्या नंबरापर्यंत गेलेलं. नॉडी अमेरिकेत मेम्फिसच्या हॉटेलात होता, समोर मिसिसिपी नदी. पाण्यावरचे पिवळे दिवे बघून तो सहज एक ओळ बोलून गेला. मॅनेजर चॅस चँडलर म्हणाला, आत्ताच्या आत्ता जाऊन लिही. गाण्यात तो काय काय बघितलं ते सांगत सुटतो, अलास्काच्या डोंगरातली सकाळ, पॅरिसचे दिवे, गायक एल्व्हिस प्रेस्लीचं घर. आणि ध्रुवपदात म्हणतो, मी लांब लांब आहे, डोकं ढगात आहे, पण घरची हाक अजून तेवढीच मोठ्यानं ऐकू येते.

हे तो रडत म्हणत नाही, आई. त्याचा आवाज पंचगंगेच्या घाटावरून पलीकडच्या काठाला हाक मारावी असला. भटकण्यात मजा आहे आणि घरची ओढही आहे, आणि त्यात त्याला काही अडचण वाटत नाही. मला मात्र इतकी वर्षं वाटायचं की इथं बरं चाललंय म्हटलं की तुम्हाला तोडल्यासारखं होतं, आणि आठवण येते म्हटलं की तुमच्या जिवाला घोर. म्हणून मी फोनवर हवापाणी सांगत बसतो.

शुक्रवारी घरी जाताना गाडी बाजूला घेऊन तेच गाणं चारदा लावलं. बाहेर भुरभुर पाऊस, आतून काचा धुरकटलेल्या. तेव्हा डोक्यात आलं, तुम्ही दोघं कधी 'ये' म्हणतच नाही. "कामाचं बघ", "रजा वाया घालवू नको", एवढंच. मागच्या खेपेला बाबांच्या गुडघ्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं.

आणखी एक, बाबा. कोरोनापासून वास येत नाही म्हणून तुम्ही ताटावर मुकाट बसता, हे आईनं सांगितलंय. जुलै १९७३ मध्ये डॉन पॉवेलच्या गाडीला अपघात झाला. बरोबरची मैत्रीण गेली. त्याचा वास गेला, चव गेली, घडलेलं डोक्यात राहीना, म्हणून तो रोज डायरी लिहायचा. या गाण्यातले ड्रम अपघातानंतरचे आहेत. तुम्हाला धीरबीर देत नाही मी, तुम्हीच मला द्यायचा. पण तुमच्या लाईनीतला माणूस म्हणून सांगितलं.

तर तिकीट काढलंय. जोतिबाच्या यात्रेच्या आधी पोचतो, तीन आठवडे राहतो. डोंगर तुम्ही चढायचा नाही, गाडीनं वरपर्यंत जाऊ. आई, कांदा-लसूण चटणी कुटून ठेवू नको, मी आल्यावर मिरच्या आणू. कुटताना येणारा ठसका मला हवाय.

"कशाला उगाच खर्च" असं बाबांनी म्हणायचं नाही. म्हणालेच तर आई, तू सांग, मीच बोलावलं म्हणून.

तुमचा,
बाळू