टायलरच्या भौतिकशास्त्रज्ञांना आणि ऑपरेटरबाईंना

सप्रेम नमस्कार.

टेक्सासमधल्या टायलरच्या कर्करोग केंद्रात ११ एप्रिल १९८६ रोजी थेरॅक-२५ या संगणकचलित किरणोपचार मशीनने तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा रुग्णाला प्रचंड जादा किरणोत्सर्ग दिला. पडद्यावर पुन्हा बिघाडाचा तोच संदेश, ‘मालफंक्शन ५४’. २१ मार्चच्या पहिल्या अपघातानंतर उत्पादकाच्या अभियंत्यांना दोष पुन्हा घडवता आला नव्हता, म्हणून ७ एप्रिलला मशीन परत वापरात आलं होतं. या वेळी तुम्ही ते तत्काळ बंद केलंत आणि दोघंही कळफलकापाशी बसलात. ऑपरेटरबाई, कोणत्या कळा कशा दाबल्या होत्या हे तुम्हाला नेमकं आठवत होतं. त्या आठवणीवरून तुम्ही दोघांनी तो दोष हवा तेव्हा घडवून दाखवलात. वैद्यकीय उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहिणारे आणि तपासणारे आम्ही, त्यासाठी तुमचे आभार मानायला हे पत्र लिहीत आहोत.

तुम्ही दाखवलंत ते असं. क्ष-किरणांसाठी ‘एक्स’ टाइप झालं, वर जाऊन ते इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ केलं आणि बाकीचे रकाने भराभर ओलांडले. किरणांचा झोत वळवणारे चुंबक जुळायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्यात झालेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण मशीनच्या मांडणीपर्यंत पूर्ण पोचत नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता. पहिल्या रुग्णासाठी १८० रॅड (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) ठरले होते. प्रत्यक्षात १६,५०० ते २५,००० रॅड लागल्याचा अंदाज आहे. दोन्ही रुग्ण दगावले.

या मशीनच्या १९८३ च्या सुरक्षा विश्लेषणात ‘संगणक चुकीची ऊर्जा निवडेल’ याची शक्यता दहा हजार कोटींत एक इतकी धरली होती. असा आकडा कोणत्याही मोजमापातून येत नाही. पुर्जा झिजतो, त्याच्या बिघाडाचं प्रमाण मोजता येतं. कोडमधला दोष मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच असतो आणि ठरावीक क्रम जुळला की हमखास उघडा पडतो. म्हणून वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सॉफ्टवेअरचा सुरक्षा-वर्ग ठरवताना ते चुकण्याची शक्यता १, म्हणजे ते चुकणारच अशी, धरायची असते. मग प्रश्न उरतात दोनच: चुकलं तर इजा किती गंभीर, आणि सॉफ्टवेअरबाहेरचा कोणता उपाय ती अडवतो. मृत्यू किंवा गंभीर इजा शक्य असेल तर वर्ग सी, म्हणजे सर्वांत कडक.

जोखमीच्या तक्त्यात ‘चुकीचा डोस’ एवढंच लिहिलं तर टेस्टरच्या हाती काहीच लागत नाही. तुमच्यासारखा घटनाक्रम लिहावा लागतो: मोड टाइप झाला, चुंबक हलू लागले, ८ सेकंदांच्या आत दुरुस्ती झाली, पडदा एक सांगतो आणि मशीन दुसरं करतं, बीम (किरणांचा झोत) सुरू झाला. मग प्रत्येक टप्प्यावर उपाय सुचतो. दुरुस्ती झाली की मांडणी पहिल्यापासून सुरू व्हावी. बीमआधी, त्याच्या वाटेत योग्य भाग आणणाऱ्या फिरत्या चकतीची खरी जागा सेन्सरवरून वाचून ताडावी. आणि सॉफ्टवेअरचं काहीही न ऐकणारा हार्डवेअर इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच बीम अडवणारी यंत्रणा, हवाच. तपासणी १ सेकंदाला, ७.९ ला, ८.१ ला, स्क्रिप्टने. शिवाय रोज तेच काम करून हात बसलेल्या माणसाच्या वेगाने.

इंटरलॉकवर आमचा इतका भर का? हाच दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता, पण तिथे स्वतंत्र हार्डवेअर संरक्षण असल्याने फक्त फ्यूज उडत. शिवाय जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाला थेरॅक-२५ मध्येच निराळा दोष निघाला: एका बाइटचा चल (व्हेरिएबल) दर फेरीला एकाने वाढे, २५६ व्या वेळी शून्य होई आणि तेवढ्यापुरती तपासणी गळून पडे. एक बग दुरुस्त केला म्हणजे जोखीम आवरली असं नाही.

ऑपरेटरबाई, तुम्ही पुढे जाण्यासाठी ‘पी’ दाबलंत यात तुमची चूक नव्हती. ‘मालफंक्शन ५४’चा खुलासा ‘डोस इनपुट २’ एवढाच होता, आणि पहिल्या अपघातात पडदा डोसच्या २०२ एककांपैकी फक्त ६ दिल्याचं दाखवत होता. तक्त्यात कारण म्हणून ‘वापरकर्त्याची चूक’ आली की आम्ही ती ओळ परत पाठवतो. वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीसाठीच्या आयएसओ १४९७१ या मानकात उपायांचा क्रम ठरलेला आहे: आधी मुळातच सुरक्षित रचना, मग संरक्षक उपाय, आणि सूचना-प्रशिक्षण सर्वांत शेवटी. तुमच्या शोधानंतर उत्पादकाने वापरकर्त्यांना पत्राने काय सांगितलं? वरच्या बाणाची कळ काढा आणि तिच्याखालच्या विद्युत संपर्कावर चिकटपट्टी लावा. धोका काय आहे हे त्या पत्रात नव्हतंच. २ मे १९८६ ला एफडीए या अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामकाने ते अपुरं ठरवलं.

‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद करायची नाही, हे आम्ही तुमच्याकडून घेतलं. तक्रारीच्या अर्जावर कोणत्या कळा, कोणत्या क्रमाने, किती वेगाने दाबल्या, पडद्यावर काय दिसलं, हे विचारायचं; आणि उत्तर देणाऱ्याला शेजारी बसवून तोच क्रम पुन्हा करायचा. हे तुम्ही दोघांनी करून दाखवलंत.

मनापासून आभार.

आपले,
वैद्यकीय उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहिणारे आणि तपासणारे काही जण