उसन्या ब्रोमीनचा हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नैसर्गिक वायू नुसता जाळण्यापेक्षा ब्रोमीन वापरून त्यापासून प्लास्टिकचा कच्चा माल करता येतो, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात मी ३१ वर्षे प्लांट ऑपरेटर होतो, त्यातली बरीचशी ब्रोमिनेशनवर, म्हणजे रसायनांना ब्रोमीन जोडण्याच्या कामावर गेली. म्हणून हे पत्र.

कल्पना चांगलीच आहे. नैसर्गिक वायूतला इथेन ८०० अंशांवर तापवला की त्याचे इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल होतो. वायूतला मुख्य घटक मिथेन तशी दाद देत नाही, त्याचे बंध फार घट्ट. ते तोडायला हॅलोजन गटातली मूलद्रव्ये कामी येतात. त्यात फ्लोरिन आवरत नाही, आयोडीन हलत नाही. ब्रोमीन बेताचे. मिथेनचे मिथाइल ब्रोमाइड करायचे, ते झिओलाइट या सच्छिद्र उत्प्रेरकावरून नेऊन ऑलेफिन (इथिलीनसारखी संयुगे) मिळवायची आणि सुटलेल्या हायड्रोजन ब्रोमाइडपासून ऑक्सिजनच्या मदतीने पुन्हा ब्रोमीन करून तेच फिरवायचे.

खरी गोम या फिरवण्यात आहे. वहीत समीकरण मांडून पाहिले: मिथेनपासून एक टन इथिलीन करायला ११ टनांहून जास्त ब्रोमीन फिरवावे लागते. त्यातले शेकडा एक जरी हरवले, तरी टनामागे शंभर किलोंच्या वर गेले! कुठे गेले? मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक आहे, म्हणून तर माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय करारात त्यावर बंधने आली. आणि ओलसर हायड्रोजन ब्रोमाइड स्टेनलेस स्टीलसुद्धा खाते.

एकदा रात्रपाळीत पंपाचे सील गेले. तांबूस-तपकिरी वाफ वर चढली नाही, जमिनीलगत सरपटत गटाराकडे निघाली. आम्ही ब्रोमीन मारणाऱ्या हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्याच्या बादल्या ओतल्या. ग्लोव्ह आणि बाही यांच्या फटीत थेंब पडला, त्याचा डाग मनगटावर अजून आहे. तेव्हा कारखान्याच्या भिंतीपलीकडे मोकळी जागा होती. आज तिथे खिडक्या आहेत, दोरीवर मुलांचे युनिफॉर्म वाळत असतात.

या पट्ट्यात असा पथदर्शी प्रकल्प आला तर मी त्याच्या विरोधात नाही. आपल्या पोरांना काम मिळेल. पण ब्रोमीन किती आणले, किती परत मिळाले आणि किती कमी भरले, हे तीन आकडे दर महिन्याला फाटकावरच्या फलकावर लागले पाहिजेत. पुढच्या लेखासाठी आपले वार्ताहर शास्त्रज्ञांना भेटतील, तेव्हा त्यांनी कमी भरलेला आकडा आधी विचारावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर,
कोपरखैरणे, नवी मुंबई