जुलाबात पाणी का सोडू नये: आई-बाबांस पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात बाबांना जुलाब झाले तेव्हा, प्यायलेले सगळे तसेच बाहेर पडते तर प्यायचे कशाला, असे म्हणून त्यांनी दोन दिवस पाणी जवळजवळ सोडून दिले होते. फोनवर मी घाईघाईने "पीत राहा" एवढेच सांगितले, त्यामागचे कारण सांगितले नाही. कारण पटल्याशिवाय बाबा काही करत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे ती रुखरुख मनात राहिली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या खाण्यापिण्यातून दिवसाला साधारण 2 लिटर पाणी पोटात जाते, पण लहान आतड्यातून रोज 8 ते 9 लिटर द्रव वाहतो, कारण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून सुमारे 7 लिटर शरीरच त्यात ओतत असते. त्यातला दीड-दोन लिटर मोठ्या आतड्याकडे जातो, शौचावाटे 100 ते 200 मिलिलिटर बाहेर पडतो आणि उरलेला सगळा रक्तात परत येतो. रक्तातला पातळ भाग जेमतेम 3 लिटर असतो, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक द्रव रोज आतड्यात उतरतो आणि माघारी घेतला जातो. ही देवघेव थोडी बिघडली तरी माणूस काही तासांत का सुकतो, ते यावरून लक्षात येईल.

पाणी ओढणारा पंप मात्र आतड्यात कुठेही नाही. आतडे क्षार शोषते, विशेषतः मिठातले सोडियम, आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. आतड्याच्या अस्तरावर रसांकुर नावाचे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावरच्या पेशी रक्ताकडच्या बाजूने सतत 3 सोडियम बाहेर टाकून 2 पोटॅशियम आत घेत असतात. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी राहते आणि आतड्याच्या पोकळीतले सोडियम आत येऊ पाहते. त्यासाठी वेगवेगळी दारे आहेत, त्यांतले एक मला फार विलक्षण वाटते: ते एकट्या सोडियमला आत घेत नाही आणि एकट्या ग्लुकोजलाही नाही, 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज एकत्र आले तरच दोघांना नेते. ही जोडीची कल्पना जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली.

रसांकुरांच्या पायथ्याशी लहान खळगे असतात आणि तिथल्या पेशींचे मुख्य काम उलटे, म्हणजे स्रवण्याचे असते. त्या क्लोराइड (मिठाचा दुसरा घटक) पोकळीत सोडतात, त्याच्यापाठोपाठ सोडियम आणि पाणी बाहेर येते. हा ओलावा आवश्यकच आहे. ज्या बाळांमध्ये क्लोराइडचे हे दार जन्मतःच सदोष असते, त्यांतल्या काहींची पहिली शी इतकी चिकट होते की आतडेच तुंबते. कॉलऱ्याचे विष याच्या अगदी उलट करते: दार उघडणारी कळ ते दाबूनच धरते, क्लोराइड वाहत राहते, आणि मीठ शोषण्याची एक नेहमीची वाटही बंद पडते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. बाबा, माझ्या सांगण्यातला मुख्य मुद्दा इथे आहे: त्या अवस्थेतही सोडियम-ग्लुकोजचे ते जोडीचे दार चालूच असते. बाहेर जाणारा प्रवाह आपल्याला लगेच थांबवता येत नाही, पण आत घेणारी वाट शाबूत असते.

1971 साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला लावले. 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर त्यांच्या उपचाराखालील रुग्णांमध्ये 4 टक्क्यांच्या खाली आला. हा आकडा मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी थांबून पुन्हा वाचते.

आई, त्या दिवशी तू एक लिटरची जलसंजीवनीची पुडी पेलाभर पाण्यात कालवलीस, तसे कृपया पुन्हा करू नकोस. द्रावण घट्ट झाले की ते रक्तातले पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. फार गोड सरबतानेही हेच होते. याच कारणाने 2002 पासून या मिश्रणातले सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही कमी करून लिटरमागे प्रत्येकी 75 मिलिमोल ठेवले आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. या पाण्याने शौचाच्या खेपा लगेच कमी होत नाहीत, त्यामुळे त्या चालू राहिल्या म्हणून ते सोडू नये. ते गेलेले भरून काढते.

वयानुसार तहान मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही घटते, त्यामुळे बाबांनी तहान लागण्याची वाट पाहू नये. त्यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. जुलाबाच्या दिवसांत ती घ्यावी की थांबवावी आणि एकूण किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवा. शौचातून रक्त गेले, ग्लानी आली किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर घरी न थांबता रुग्णालयात न्यावे.

रसांकुरांवरच्या पेशी खळग्यांत जन्मतात, वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत गळून नव्या येतात, त्यामुळे बाबांच्या आतड्याचे अस्तर एव्हाना बरेचसे नवे झाले असेल. तरीही भूक कशी आहे ते मला कळवा.

तुमची लेक