खुर्चीवाल्या ईम्सची मुलगी आणि आमच्या वह्या

संपादक साहेब, स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत त्या अमेरिकन आर्किटेक्ट चार्ल्स ईम्सच्या खुर्चीवर लेख आला होता, छान होता, फोटो पण भारी, पण अख्ख्या पानभरात त्याच्या मुलीचं नाव एकदाही नाही. लुसिया ईम्स. 1 एप्रिल 2014 ला गेली, 83 वर्षांची होती. तारीख जवळ आलीय म्हणून म्हटलं आपणच चार ओळी लिहाव्यात, जागा असेल तर छापा.

मी काही आर्किटेक्ट वगैरे नाही, घर सांभाळणारी बाई आहे. ही ईम्स मंडळी मला कळली ती भाच्यामुळे, तो आर्किटेक्चरला शिकतो. 2025 च्या जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला म्हणून आला आणि यात्रा सोडून पोरगं मोबाईललाच चिकटलेलं, तिकडे लॉस एंजेलिसला वणवा लागला होता ना तेव्हा, पॅसिफिक पॅलिसेड्स नावाचा सगळा भाग जळत होता आणि ह्याला काळजी कशाची तर एका घराची. म्हटलं कोण राहतं रे तुझं तिथं? तर म्हणे कुणीच राहत नाही मावशी, ते ईम्स हाऊस आहे, त्या चार्ल्स ईम्सने स्वतःसाठी बांधलेलं घर. वाचलं ते घर. आत धूर शिरला होता, साफसफाई करून त्याच वर्षी परत उघडलं.

घर 1949 चं, लोखंडी सांगाडा, मधे काचा नि रंगीत पॅनल, पुढ्यात निलगिरीची झाडं. आधीचा प्लॅन वेगळाच होता म्हणे, पुलासारखं पुढे काढलेलं घर, पण युद्धानंतरचे दिवस, लोखंड लवकर येईना, तोवर चार्ल्स नि त्याची बायको त्या मोकळ्या जागेत जाऊन बसायचे आणि बसून बसून त्यांना त्या मैदानाचाच लळा लागला. मग आलेल्या त्याच लोखंडात घर टेकडीच्या कडेला सरकवलं, मैदान तसंच ठेवलं. (आमच्या गल्लीत प्लॉट विकला की आधी चिंच जाते, मग नारळ फुटतो.)

चार्ल्स वारला 21 ऑगस्ट 1978 ला आणि त्याची बायको रे बरोब्बर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. ऑफिसातले कागद नि फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस ह्या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाकडे गेले, फर्निचरचे नमुने जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमकडे, आणि घर आलं लुसियाकडे. आता ऐका, लुसिया चार्ल्सची एकुलती एक, पण रेची नव्हे, पहिल्या बायकोची. वडिलांनी 1941 ला दुसरं लग्न केलं तेव्हा ही दहा वर्षांची पोर. म्हणजे हे घर वडिलांच्या दुसऱ्या संसाराचं. आपल्याकडे असल्या घराचं काय होतं ते बाळीवेशीपासून शुक्रवार पेठेपर्यंत कुणाला सांगायला नको, तेरावं होत नाही तोवर सिटी सर्व्हेचा उतारा निघतो.

हिने विकलं नाही. समुद्रकाठची जागा, पैसा किती आला असता विचार करा. स्वतः राहायला जाऊन सोयीची तोडफोडही केली नाही, आतल्या वस्तू, पुस्तकं, खेळणी, दगडगोटे जसे सावत्र आईने मांडलेले तसेच ठेवले. 2004 ला ईम्स फाउंडेशन काढलं, 2006 ला घर तिथलं राष्ट्रीय स्मारक झालं. पाच मुलं तिची, तीही ह्याच कामाला लागली. बरं ती नुसती अमक्याची मुलगी असंही नाही, स्वतः शिल्पकार होती, धातूचे पत्रे कापून त्यात नक्षी काढायची. पण गुगलवर बापाच्या खुर्चीखालीच तिचं नाव सापडतं, काय करणार.

सोलापूरकरांनी तिला का आठवायचं? तर तांब्यासाठी. 1958 साली चार्ल्स आणि रे ह्यांनी भारत सरकारला एक रिपोर्ट दिला, त्यातूनच पुढे 1961 ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, उभी राहिली. तीनेक महिने देशभर फिरून त्या दोघांना सगळ्यात सुंदर वस्तू कुठली वाटली, तर लोटा, म्हणजे आपला तांब्या! हातात कसा बसतो, डोक्यावर की कमरेवर न्यायचा, भरलेला नि रिकामा तोल कसा राहतो, उन्हात कसा दिसतो, इतकंच काय मोडीत घातला तर काय येईल इथपर्यंत विचार केलाय. भाचा वाचून दाखवत होता आणि मी खाली मान घालून शेंगा सोलत होते, कारण दिवाळीआधीच मी आईचे दोन तांबे मोडीत देऊन स्टीलचा डबा आणला होता.

आणि तांब्याचं सोडा. आमचे अण्णा पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर पेन्सिलीने भरायचं, मोर, कमळ, काठाची वेल, मग त्यावरून जेकार्डची पंचकार्डं पाडायची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे. रात्री जेवण झालं की कंदील जवळ घेऊन बसायचे (लाईट होती, पण ते म्हणायचे कंदिलात चौकटी नीट दिसतात, आम्हाला कधी पटलं नाही). अशा एकवीस वह्या होत्या. अण्णा गेल्यावर आम्ही चार भावंडांनी घर वाटून घेतलं, पातेली वाटली, वह्या मात्र कुणालाच नको होत्या. रद्दीवाल्याला मीच हाक मारली. आज सोलापुरी चादरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, त्या चादरीवरचा मोर कुणी काढला विचारलं तर माझ्याकडे दाखवायला एक पान नाही.

भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर राखलं तसं प्रत्येकाचं राखा असं मी म्हणत नाही, परवडणारं पण नाही. पण गावात कुणाकडे अशा चौकटीच्या वह्या माळ्यावर असतील तर काटा लावायच्या आधी निदान मोबाईलने फोटो तरी काढा, आणि साहेब, तुमच्या पुरवणीत आठवड्याला एक पान छापता येत असेल तर बघा. खाली डिझाइन काढणाऱ्याचं नाव टाका. सांभाळून ठेवणाऱ्या लेकीसुनेचं पण.

– एक जुनी वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर