शिफ्टमधल्या दहा मिनिटांसाठी कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

तुम्ही आपल्या विदर्भातलेच, खामगावचे, त्यामुळे बुटीबोरी-हिंगण्याची एमआयडीसी काय आहे आणि मे महिन्यातलं नागपूर काय असतं हे तुम्हाला सांगत बसत नाही. मला टाइप वन डायबिटीस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, शाळेत होतो तेव्हापासून, रोज जेवणाआधी आणि रात्री असं इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि मी एका खासगी कंपनीत डिस्पॅचला काम करतो. नाव लिहीत नाही. शुगर आहे हे सांगितल्यावर पण नोकरी टिकते अशी खात्री झाली की नाव काय, आधार कार्डाची झेरॉक्स पण लावून देईन.

मागणी आधीच सांगून टाकतो कारण असली पत्रं शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. शिफ्टमध्ये शुगर तपासायला, काही खायला, इंजेक्शन घ्यायला जी दहा मिनिटं लागतात ती कामाच्या वेळेतच धरायची, पगार कापायचा नाही, मेमो द्यायचा नाही. आणि फक्त 'शुगर आहे' एवढ्यावरून कोणाला अनफिट ठरवायचं नाही की काढायचं नाही. बस. आरक्षण नको, हलकं काम पण नको.

आता दहा मिनिटं कशाला ते. लोकांना वाटते शुगर म्हणजे वाढलेली शुगर, गोड खाल्लं की वाढते आणि गोळी घेतली की उतरते. इन्सुलिन घेणाऱ्याला खरी भीती उलटी असते, लो होण्याची. 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालत नाही, समोरचा काय बोलून राहिला ते कळत नाही, बोलताना जीभ अडखळते, आणि तसंच राहिलं तर माणूस बेशुद्ध पडतो, झटके पण येतात. इलाज एकदम साधा आहे, साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर तोंडात टाकायची, 15 मिनिटं थांबून परत तपासायचं, तरी कमीच असली तर परत घ्यायची. दोन-तीन रुपयांच्या साखरेचं काम आहे साहेब. पण ती साखर खिशात ठेवता आली पाहिजे ना, आमच्याकडे शॉप फ्लोअरवर खायची वस्तू नेली की गेटवर काढून ठेवतात, आणि मोबाइल लॉकरमध्ये, त्यामुळे ज्यांच्या दंडाला शुगर मोजून मोबाइलवर कळवणारा सेन्सर लावलेला असतो त्यांचा अलार्म लॉकरमध्येच वाजत राहते.

माझ्या ओळखीचा एक जण, कंत्राटावर होता, नाईट शिफ्टला त्याची शुगर अशीच उतरली. तो भिंतीला धरून चालून राहिला होता तर सिक्युरिटीवाल्याला वाटलं पिऊन आला. सुपरवायझर आला, चार लोक जमले, तोंडाचा वास घेऊन पाहिला, अन् तो बिचारा सांगायच्या अवस्थेतच नव्हता. शेवटी एका हेल्परच्या घरी आईला शुगर होती म्हणून त्याच्या लक्षात आलं, त्याने चहात साखर कालवून पाजली. माणूस वाचला, पण दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने फोन केला, "भाऊ तू आता आराम कर, तुले झेपत नाही." नोटीस नाही, कागद नाही, काही नाही. ठेकेदाराच्या माणसाला काढायला कागद लागतो तरी कुठे. तोच माणूस इतवारीत एका दुकानात आता पोती मोजते, पगार निम्मा.

म्हणून लोक लपवतात. टॉयलेटमध्ये जाऊन इंजेक्शन घेतात, त्या घाणीत, शर्ट दाताने धरून. जेवण लांबलं तरी बोलत नाहीत. काही जण तर मुद्दाम शुगर वाढवून ठेवतात, म्हणजे इन्सुलिन कमी घेतात, की ड्युटीवर लो होऊन इज्जत जायला नको. डॉक्टर ओरडतात की तीन महिन्यांची सरासरी एवढी जास्त कशी, आता त्यांना काय सांगणार. आणि ही वाढीव शुगर चुपचाप डोळे, किडनी, पायाच्या नसा खात राहते.

इथे तुम्हाला ईएसआयसीची, म्हणजे कामगार विमा महामंडळाची, एक गंमत दाखवतो (गंमत कसली म्हणा). 21 हजारापर्यंत पगार असलेल्यांचा ईएसआय कापला जातो. त्यात लांबच्या आजारांसाठी जास्त दिवसांचा आजारपणाचा भत्ता आहे, पगाराच्या 80 टक्के, त्याच्यासाठी 34 आजारांची यादी आहे. त्या यादीत डायबिटीस आहे, पण कोणता, तर डोळ्याचा पडदा खराब झालेला, पायाला जखम झालेला नाहीतर किडनी गेलेला. म्हणजे पाय सडला की 80 टक्के पगार द्यायची तयारी आहे, पण पाय सडू नये म्हणून शिफ्टमध्ये दहा मिनिटं द्यायची कुठे सोय नाही. ईएसआयसी केंद्राचं आहे हे माहीत आहे मला, तुमच्यावर ढकलत नाही, पण हिशोब तरी बघा, स्वस्त कोणतं पडते.

दिव्यांग कायदा 2016 चा, त्यात 21 प्रकार आहेत. सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. सिकलसेल आला ते फार चांगलं झालं, आपल्या विदर्भात घरोघरी त्याचं दुखणं माहीत आहे. टाइप वन त्यात नाही. बरं, 2017 चा एचआयव्हीचा कायदा बघा, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की नोकरीत भेदभाव करायचा नाही, खासगी कंपनीला पण लागू, आणि नोकरी देण्याआधी टेस्ट करून ये म्हणायचं नाही. म्हणजे आजाराच्या नावावर माणसाला काढू नका असा कायदा आपल्या देशात करता येते, केलेला आहे. आमच्याच वेळेस काऊन जमत नाही?

पोरांना जमलं ना. सीबीएसईने 2017 मध्येच टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या पेपरला ग्लुकोजच्या गोळ्या, फळं, पाण्याची बाटली नेऊ दिली. 2023 मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं की वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, अधेमधे खाऊ द्या. तोच पोरगा बारावी करून, आयटीआय करून बुटीबोरीला कामावर लागला की गेटवर त्याचं बिस्कीट काढून घेतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की डायबिटीस जाते असं वाटते का सरकारला?

आता तुमच्या हातातलं सांगतो. नवीन चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यात 40 च्या वरच्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी मालकाने करून द्यायची आहे. चांगली गोष्ट आहे, खरंच चांगली आहे, कारण आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा जो मोठा अभ्यास 2023 मध्ये आला त्यात देशात 10 कोटींच्या वर लोकांना डायबिटीस निघाला, आणि कित्येकांना तो आहे हेच माहीत नसते. पण साहेब तो रिपोर्ट जाणार कोणाकडे? रिपोर्ट आधी एचआरच्या टेबलवर आणि मग कामगाराच्या हातात असं झालं तर ती तपासणी म्हणजे छाटणीची यादी होईल, ठेकेदाराकडे तर नक्कीच. राज्याने आपले नियम करायचे असतात ना, त्यात चार ओळी टाका की रिपोर्ट कामगाराचा, मालकाला फक्त 'या कामाला योग्य आहे की नाही' एवढंच कळवायचं, आणि शुगर निघाली म्हणून काढायचं नाही.

दुसरं, सप्टेंबर 2025 मध्ये तुमच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात 9 चे 12 तास आणि दुकानांमध्ये 9 चे 10 तास करायला मंजुरी दिली. त्याच्यावर युनियनवाले बोलतील, मी शुगरपुरतं बोलतो. 1948 च्या कारखाने कायद्यातसुद्धा पाच तासांच्या वर सलग काम नाही, मध्ये अर्धा तास सुट्टी, हे होतं. इन्सुलिनवाल्याला ते पाच तासही लांब पडतात, त्यात बारा तासांची ड्युटी आणि येण्याजाण्याचे दोन तास धरले तर तो जेवणार कधी, इंजेक्शन घेणार कधी. तास वाढवायचेच असतील तर ही दहा मिनिटं त्याच नियमात घाला.

आणि फ्रीज. हसू नका. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागते, वापरातलं साधारण 30 च्या खाली चार आठवडे चालते. नागपूरला मे मध्ये पारा 45 च्या वर जाते, टिनाच्या शेडमध्ये तर विचारूच नका, आणि लॉकर त्याच शेडमध्ये. इन्सुलिन खराब झालं तरी बऱ्याचदा दिसायला पाण्यासारखं स्वच्छच दिसते, घेतो आपण आणि शुगर उतरतच नाही. गावाकडून येणारे काही जण मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात ठेवतात, ते मडकं काय कामावर आणणार? कंपनीत साहेब लोकांच्या केबिनमध्ये कोल्ड्रिंकसाठी फ्रीज असतो, त्यात एका कोपऱ्यात इन्सुलिनचे दोन पेन ठेवू द्यायला काय जाते. (कॅन्टीनमध्ये बिनसाखरेचा चहा मिळावा हे पण लिहिणार होतो, पण तो साखर टाकूनच उकळलेला असते आणि कॅन्टीनवाल्याशी भांडायची ताकद मंत्र्यातही नाही, जाऊ द्या.)

मालकांचं म्हणणं मला माहीत आहे. क्रेनवर, भट्टीजवळ, उंचीवर माणूस लो होऊन पडला तर जबाबदारी कोणाची. बरोबर आहे, काही कामं अशी आहेत की तिथे सगळ्यांना ठेवू नये, मी पण म्हणेन. पण ते एकेका माणसाचं बघून डॉक्टरने ठरवावं, त्याची शुगर किती वेळा उतरते, उतरायच्या आधी त्याला कळते की नाही, काम कोणतं आहे. आणि भट्टीवरून काढला तर स्टोअरला द्या, घरी काऊन पाठवता? मला स्वतःला एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला, लेटर मिळालं, जॉइनिंगची तारीख ठरली, मग मेडिकल झालं आणि "कळवतो" म्हणाले. काम काय होतं, टेबलावर बसून बिलं चढवायची. त्यात कोणती क्रेन होती ते मला अजून कळलं नाही.

तर हिवाळी अधिवेशनाला तुम्ही डिसेंबरमध्ये नागपूरला याल तेव्हा आम्ही मोर्चा वगैरे काढणार नाही, यशवंत स्टेडियमपासून चालत यायचं म्हणजे अर्ध्यांची शुगर रस्त्यातच उतरेल. कामगार आयुक्त, कारखाना निरीक्षक, मेडिकल कॉलेजचे एखादे डायबिटीसचे डॉक्टर आणि आमच्यातले चार-पाच जण यांना सिव्हिल लाइन्समध्ये अर्ध्या तासासाठी एका टेबलावर बसवा. नियमांचा मसुदा आम्ही लिहून आणतो, भाषा तुमचे लोक सुधारतील. परिपत्रक आधी काढता आलं तर काढा, त्यात 'कंत्राटी कामगारांसह' हे शब्द टाकायला सांगा, नाहीतर ठेकेदार म्हणेल आमच्यासाठी नाही. आणि ते परिपत्रक मराठीत गेटवर लावायला लावा, सिक्युरिटीच्या केबिनजवळ, कारण बिस्कीट तिथेच काढून घेतात.

आपला,
बुटीबोरीचा एक इन्सुलिनवाला कामगार
नागपूर